यादीतले कोंडिबा आबा

सोमवारी पहिल्या पाळीच्या गेटवर वॉचमनने कागद उघडून पहिलं नाव वाचलं, "कोंडिबा भागूजी, दौंड," आणि रांगेत उभ्या धम्मदीपने चमकून मान वर केली. कोंडिबा भागूजी म्हणजे त्याचे आजोबा. दौंडला रेल्वेत गँगमन होते, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कोंडिबा कोण हाय?" वॉचमनने दोनदा विचारलं. कुणी ओ दिली नाही. मग पुढची चार नावं झाली, त्यात पहिले भिमामामा. चौघांना बाजूला घेऊन कार्डं काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

रांजणगावच्या त्या कारखान्यात युनियन काढायचं भिमामामांनी मनावर घेतलं होतं. पन्नास नावं झाली की एकदम जाहीर करायचं, तोवर तोंडाला कुलूप. वही ठेवावी तर गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून बघत. तेव्हा धम्मदीप पुढे सरसावला. शिरूरला त्याने सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता आणि तो त्याच्या अंगात मावत नव्हता. फुकट मिळणाऱ्या जागेवर त्याने वेबसाइट उभी केली. वर क्रिकेट मंडळाचं नाव, संघाचा एक फोटो, आणि खाली 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी. तिथे पासवर्ड टाकला की नावांचं पान उघडायचं. नवा माणूस कारेगावच्या सायबर कॅफेत जायचा, पडद्यावर आपलं नाव बघायचा आणि छाती काढून बाहेर यायचा. आडनावं घालायची नाहीत, असं मामांनी बजावलं होतं. "आडनावानं माणसं आधीच वाटली जात्यात. नाव, बापाचं नाव, गाव. बास."

पान नीट चालतंय का हे बघायला धम्मदीपने पहिल्या ओळीत आबांचं नाव टाकलं होतं. नंतर ते पुसायला हात धजला नाही. आणि स्वतःचं नाव घालायचं राहिलं. राहिलं कसलं, त्याला गरजच वाटली नाही. दार आपण बसवलं, आपल्याला कशाला पाटी? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मंगळवारी पाच नावं झाली, बुधवारी आणखी पाच. सगळी यादीतल्याच क्रमाने. कंपनीच्या बसमध्ये धम्मदीपच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. काल त्याच्याशी डबा वाटून खाणारे आज खिडकीबाहेर बघत होते.

बुधवारी पाळी सुटल्यावर तो थेट कॅफेत गेला. वेबसाइटच्या पत्त्याची चार अक्षरं टाइप केली, तशी खाली आधी कुणीकुणी उघडलेल्या पानांची रांग उलगडली. त्यात नावांच्या पानाचा पत्ता होता. त्याने त्यावर टिचकी मारली. पान उघडलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

त्याने बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कुलूप पुढच्या दाराला होतं, मागे भिंतच नव्हती. आजवर तो दर वेळी इमानदारीने पुढूनच आत गेला होता. एकतीस जणांनी तो पासवर्ड जिवापाड जपला होता, बायकोला सांगितला नव्हता, आणि तो फोडायची कुणाला गरजच पडली नव्हती.

पान केव्हा केव्हा उघडलं गेलं, याची नोंद ठेवायची सोय होती. ती त्याने काढली. शनिवार, सकाळी साडेनऊ. सोमवार, साडेनऊ. मंगळवार, साडेनऊ. बुधवार, साडेनऊ. त्या वेळी पहिल्या पाळीचा माणूस मशीनवरून हलत नाही. कुणीतरी रोज चहाच्या वेळेला येऊन निवांत वाचून जात होतं. पान पुसून टाकावं असं मनात आलं, पण कागद तर वॉचमनच्या खिशात होता.

भिमामामा खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. धम्मदीपने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मला कळतंय रं," मामा म्हणाले. "पर बाकीच्यांला भिंत न्हाई आन् दार हाय, ह्ये कसं सांगू? त्यांला एवढंच दिसतंय, की यादी तू केली आन् तुझंच नाव त्यात न्हाई."

"माझी चूक झाली, मामा."

"चूक म्हण न्हाईतर काय बी म्हण. गेटवर तुझं नाव घेतलेलं आमच्या कानानं ऐकू दे. मग तुझ्याकडनं बोलायला मला तोंड ऱ्हाईल."

त्याच संध्याकाळी त्याने आबांची ओळ काढली आणि तिथे लिहिलं: धम्मदीप यशवंत, दौंड. नोकरी जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला घास गोड लागला. गुरुवारी पाच नावं जुन्याच कागदावरून झाली. सकाळी साडेनऊला पान उघडल्याची नोंद त्याने संध्याकाळी पाहिली आणि त्याला चक्क बरं वाटलं.

शुक्रवारी वॉचमनच्या हातात नवा, करकरीत कागद होता. गेटबाहेर रस्त्यापलीकडे भिमामामा उभे होते. कामावरून काढलेले बाकीचेही त्यांच्या मागे होते.

"धम्मदीप यशवंत, दौंड."

"हजर," तो मोठ्याने म्हणाला, पलीकडे ऐकू जावं म्हणून. खिशातून कार्ड काढून त्याने पुढे धरलं.

वॉचमनने ते घेतलं नाही. कागद डोळ्यांजवळ नेला.

"तुझ्या नावावर सायबांनी रेघ मारलीय," तोही रस्त्यापलीकडच्यांकडे बघत मोठ्यानेच म्हणाला. "म्हणले, ह्याला आत सोडा, ह्यो आपला माणूस हाय."

रांगेतले पुढचे-मागचे धम्मदीपपासून दोन पावलं दूर सरकले. वॉचमनने फाटक त्याच्यापुरतं उघडून धरलं. धम्मदीप वळला, तेव्हा भिमामामा पाठ फिरवून कारेगावच्या दिशेने चालू लागले होते, आणि बाकीचे मात्र अजून तिथेच उभे राहून त्याच्याकडे बघत होते.