दर्यावरून परत आलेल्या गोळ्या

जेवणाआधी

"आमच्या माणसाच्या साखरेच्या गोल्या दे बाय," म्हणत मंजुळाने रिकामी पाटी दुकानाच्या पायरीवर आदळली. पालघरच्या बाजारात मासळी विकून झाली की दातिवऱ्याची ही बाई हिमानीच्या मेडिकलमध्ये यायचीच. औषध असो नसो, दोन घटका पंख्याखाली बसायला तरी. "पहाटं बोट लागली. परवा परत जातील."

हिमानीने पाकीट खाली काढलं आणि तिचा हात थांबला. आधीच्या गोळ्या एवढ्यात संपायच्या नव्हत्या.

"काकी, मागच्या उरल्या असतील की."

"उरल्या व्हत्या. बोटीवर एक पण घेतली नाय त्यानं. म्हंतो, गोली घेतली का हात थरथरतात, जालं वढवत नाय."

"मग त्या कुठंयत?"

"पोटात!" मंजुळा खुशीत हसली. "दर्यावरून परत आलेली वस्तू आमच्या घरात फिरून बोटीवर चढत नाय. तांदूळ उरू दे, कांदा उरू दे, त्याच दिवशी संपवायचा. सासूची रीत. सकाळी सगल्या वाटीत काढून दिल्या. म्हटलं, घे, सुटलेलं भरून काढ."

"जेवले का ते?"

"जेवतो कसला! गोल्या गिलल्या नि आडवा झाला."

हिमानीच्या हातातलं पाकीट काउंटरवर पडलं.

गरज पडल्यास

बोटीवरून आलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. पोरांना अंगणातून हाकलतात, कोंबड्यांनाही. मंजुळाच्या नवऱ्याला, पुंडलिकला, घाम फुटला असता तरी घरच्यांनी पंखा वाढवला असता, बडबडला असता तर म्हणाले असते, स्वप्नात जाळं ओढतोय. आणि तो गेला असता. झोपेतच, सगळ्यांच्या देखत.

"काकी, आत्ताच्या आत्ता त्यांना उठवायला सांगा. साखर एकदम खाली उतरते अशाने. जिवावर बेतेल."

मंजुळाचं हसू ओठांवरच राहिलं. पुंडलिकचा फोन बंद. शेजारी त्याची थोरली बहीण राहायची, माई. तिला लावला.

"झोपू दे गो त्याला! आल्या आल्या काय काम काढलंस?"

फोन हिमानीने घेतला. पलीकडून पायांचा आवाज. दार. भांडं लवंडलं. मग—

"पुंडलिक. ए पुंडलिक."

काही नाही.

"अरे, उठ रे!"

काही नाही.

"बाय, हा तं भिजून गेलाय घामानं. डोले उघडतो नि मिटतो."

"बसवा त्यांना. बोलतात का? पाणी गिळता येतंय का बघा. येत नसेल तर तोंडात काही घालू नका, मला सांगा."

मंजुळाने दोन्ही हातांनी काउंटर धरलं होतं.

"गिलतो."

"मग पाण्यात भरपूर साखर घालून पाजा."

"साखर?" माई फोनवर ओरडली. "येडी का खुली तू? साखरेचा माणूस हाय तो! डॉक्टरनं चाय पण फिकी केलीय त्याची!"

"माई, मी औषधवाली बोलतेय. आज साखर हेच त्यांचं औषध. डॉक्टर रागावले तर माझं नाव सांगा."

चमच्याचा आवाज. ढवळण्याचा. मग नुसता श्वास, कोणाचा ते कळेना. दुकानात एक माणूस खोकल्याचं औषध मागायला आला आणि मंजुळाचं तोंड बघून दाराशीच थांबला.

मग एक जाडाभरडा, चिडका आवाज:

"कोण मेलं, मला उठवलं ते?"

मंजुळा पायरीवर बसली. पदर तोंडात कोंबून रडली, आणि रडता रडता हसली.

"अजून संपलं नाही," हिमानी फोनमध्ये म्हणाली, पण तिचाही आवाज हलका झाला होता. "गोळ्या अंगात आहेत, साखर पुन्हा उतरेल. काहीतरी खायला घाला आणि रिक्षात घालून थेट दवाखान्यात न्या. बरं वाटतंय म्हणाले तरी."

जेवणानंतर

दवाखान्याने त्याला एक रात्र ठेवून घेतलं. बोट त्याला न घेताच गेली. हिमानीने त्याच्या डॉक्टरांना फोन करून बोटीवरचं सगळं सांगितलं, जेवणाचा ठिकाणा नाही, वेळ नाही, अंगमेहनत ही एवढी. आणि त्यांनी गोळीच बदलली.

नवी गोळी न्यायला नवराबायको दोघं आली.

"जेवण समोर आलं की ही घ्यायची," हिमानीने सांगितलं. "बोटीवरसुद्धा."

"नि सुटली तं?" पुंडलिक म्हणाला.

"सुटली ती सुटली. दुसऱ्या वेळेला दोन घ्यायच्या नाहीत."

"उरल्या तं?" मंजुळाने विचारलं. "रीत हाय आमची."

"रीत मोडू नका. पुन्हा बोटीवर नकोत, पोटात तर नकोतच. मला आणून द्या."

पुंडलिकला ते काही पटेना. "सुटलेली भरून काढायची नाय, हे कसं?"

"काका, जाळ्यातून मासा निसटला तर त्याच्यामागे पाण्यात उडी मारता का तुम्ही?"

पुंडलिकने नीट विचार केला.

"मोठा असंल तं मारतो," तो म्हणाला.

मंजुळाने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की मागे उभी असलेली गिऱ्हाइकं दचकली. पुंडलिक "आयो!" म्हणून चांगला खणखणीत ओरडला. हिमानीला इतकं हसू फुटलं, की बसायला तिला स्टूल ओढून घ्यावं लागलं.