दर्या कुठल्या अंगाला

चंद्रकांताबाईंनी जर्मनीतल्या त्या खेड्याचा नकाशा ओटीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

त्यांची नात उन्नती त्या खेड्यात नवऱ्यासोबत राहत होती. चैत्रात तिचं बाळंतपण होतं. तिला आई नव्हती, म्हणून तिने आजीलाच तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. व्हिसाचे कागद उद्या द्यायचे होते आणि बाईंचं ठरत नव्हतं. गेल्या दिवाळीत मुलाकडे, म्हणजे उन्नतीच्या बापाकडे, नरहरीकडे आचोळ्याला गेल्या असताना त्या दूध आणायला खाली उतरल्या आणि एकसारख्या इमारतींमधून तासभर फिरत राहिल्या. शेवटी वॉचमनने दारात आणून सोडलं. तेव्हापासून नरहरी त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागला होता. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नांतल्या पंगती आठवतात आणि मुलाचं दार सापडत नाही, म्हणजे डोकं चाललं की काय? ती धास्ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मनाशी मात्र ठरवलं होतं की हे खेडं डोक्यात बसलं, तरच जायचं.

उन्नतीने सांगितलेला खेड्याचा इतिहास एका ऐकण्यात बसला. दोन टेकड्यांमधल्या खळग्यात सत्तर घरं. चारशे वर्षांपूर्वी लढाईत गाव जळलं, अकरा घरं उरली. मागच्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकललेली माणसं हातगाड्या ओढत आली. त्यांच्या आळीला गावातले म्हातारे ऐंशी वर्षांनीही नव्यांची आळी म्हणतात. हे ऐकून शेजारची प्रिस्का म्हणाली होती, "मग आपलंच गाव की ते, बाय. तुझी सासू मरेस्तोवर मालवणहून येऊन इथं राहिलेल्यांना पाव्हणेच म्हणायची."

घोळ होता तो नकाशाचा. गावातून एक ओढा जात होता आणि त्यावर बाण काढला होता. तो बाण कागदाच्या वरच्या टोकाकडे जाई. बाईंच्या गावात, भुईगावात सगळं पाणी डाव्या हाताला, दर्याकडे जातं; उजवीकडे डोंगर. वाट सांगतानाही दर्याकडे वळा, नाहीतर डोंगराकडे वळा, असंच सांगायचं. मग हा ओढा वर कसा जातो? देऊळ, म्हणजे तिथलं चर्च, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? उन्नतीचं घर एकदा खाली सापडे, एकदा सापडतच नसे. बाई घामाघूम झाल्या.

दुपारी उन्नतीचा फोन आला. बाईंनी नारळ बाजूला केले.

"उन्नती, त्या ओढ्याचं पानी जातं कुठं?"

"मोठ्या नदीत, आजी. मग समुद्राला."

"समुद्र कुठल्या अंगाला?"

"नॉर्थला. म्हणजे उत्तरेला. गाडीने सात तास आहे ना, इथे कोणी विचारतच नाही."

बाईंनी नकाशाचं वरचं टोक धरून कागद फिरवला आणि ते टोक भुईगावच्या दर्याकडे केलं. ओढा सरळ दर्याला लागला. बोट ठेवून त्या पाण्याच्या उलट दिशेने चालत गेल्या. आधी नव्यांची आळी, मग देऊळ, मग लिंडनचं मोठं झाड आणि झाडाच्या डोंगराकडच्या बाजूला उन्नतीचं घर. पुन्हा चालल्या, पुन्हा तेच घर. आचोळ्यातही त्यांनी आधी दर्याच शोधला होता. इमारतींच्या गर्दीत तो कुठल्या बाजूला आहे ते कळेना, एवढंच झालं होतं. डोकं गेलं नव्हतं.

"आजी, ऐकतेस ना? काय ठरवलंस?"

"थांब जरा. तिथं सूर्य दर्यात बुडतो ना?"

"नाही गं. टेकडीमागे, पश्चिमेला."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माडांच्या पलीकडे पाहिलं. दर्या एका अंगाला आणि सूर्य भलत्याच अंगाला. हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना, पण आता त्याची भीतीही वाटेना.

"असं कसं बुडतो, ते येऊन बघते," त्या म्हणाल्या. "बापाला सांग, उद्या कागद देऊन टाक."