म्हाताऱ्याची खोळ

ताईच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नसे. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, रिमोटला खोळ, दारामागच्या छत्रीला खोळ. सोफ्याला तर दोन: वरची पाहुणे यायच्या आत काढायची आणि खालची पाहुणे गेल्यावर धुवायची. धंदाच तो होता तिचा. गाड्यांच्या सीटपासून हार्मोनियमपर्यंत जे आणून ठेवाल त्याच्या मापाची खोळ ती शिवून द्यायची, आणि शिवण अशी की टाका शोधायला भिंग लागावं. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची, पण खऱ्या अर्थानं ती एकीचीच ताई होती. चार तासांच्या वाटेवर राहणाऱ्या धाकटीची.

आणि धाकटी सध्या फार गोड बोलत होती. ताईची झोप उडाली होती ती त्यामुळेच.

धाकटीनं तीस वर्षं गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांवर ओरडून ओरडून तिचा आवाज कमावलेला, आणि त्यांच्यासाठी ब्रेक दाबून दाबून उजवा गुडघा कामातून गेलेला. सोमवारी त्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. एरवी फोन उचलला की "बोल गं, खोळंबे!" म्हणणारी ही बाई आठवडाभर म्हणत होती, "तू कशी आहेस ताई? जेवलीस का?" लहानपणापासूनचं होतं ते. धाकटी घाबरली की सभ्य होते.

"मी येऊ का गं?" ताईनं तीनदा विचारलं होतं.

"नको हं, कशाला त्रास तुला. इथे आहेत सगळे."

तिसऱ्या वेळी ताईनं विषय बदलला. पाय वर करून बसल्या बसल्या धाकटी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत असते, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यात सायकलसुद्धा सरळ न चालवलेली ताई म्हणाली, "रविवारी चार वाजता. तुझी नि माझी शर्यत. धूळ चारते की नाही बघ तुला."

मग धाकटी म्हणाली, "बरं हं ताई. छान वाटेल."

छान वाटेल! ताईनं फोन ठेवला आणि तडक सुनेला हाक मारली.

सून झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायची. घरात एक कॉम्प्युटर होता, मुलाच्या कॉलेजच्या वेळचा, अकरा वर्षांचा; शिवणयंत्राखाली सरकवलेला, म्हणून तेवढा खोळीतून सुटलेला. त्याला सगळे म्हातारा म्हणत. चालू केला की आधी कण्हायचा, मग विचार करायचा, मग पुन्हा कण्हायचा. त्याच्यावर शर्यत? सुनेनं शुक्रवारी संध्याकाळी त्याचं झाकण काढलं आणि आत बघून तिथेच फतकल मारली.

"आई, हा कॉम्प्युटर आहे की उशी?"

आत अकरा वर्षांचा कापूस, तंतू नि दोऱ्यांचे तुकडे मिळून चांगला गुबगुबीत थर साचला होता. ताईनं चिमट्यानं एक निळा दोरा उचलला आणि तिचा चेहरा खुलला. "अय्या, हा डॉक्टरांच्या गाडीचा! आणि हा पिवळा त्या बँडवाल्यांच्या ढोलाचा!" ती एकेक दोरा ओळखत बसली. शेवटी सुनेनं तिच्या हातून चिमटा काढून घेतला.

मग सुनेनं ब्रशनं म्हाताऱ्याला स्वच्छ केलं, जास्तीची रॅम बसवली, जुनी रखडणारी डिस्क काढून नवी टाकली, चित्रं पळायला लागतं ते ग्राफिक्स कार्ड चढवलं, नवा पंखा लावला आणि केबल ओढून सगळं हॉलमधल्या टीव्हीला जोडलं. बटण दाबलं. म्हातारा कण्हला नाही. चहाला आधण ठेवून येईपर्यंत सुरूसुद्धा झाला.

ताईचे यजमान लिफ्टचे निवृत्त मेकॅनिक. त्यांनी लगेच मॅच लावायला सांगितली आणि टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "अगं, चेंडू दिसतोय! इतकी वर्षं मी नुसत्या अंदाजानं टाळ्या वाजवत होतो." रविवारी चारला अंतिम सामना होता, हे त्यांना नंतर आठवलं. ताईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "नाही, मी आपलं सांगितलं," ते म्हणाले.

शनिवारी सून कामावर गेली आणि ताईचं लक्ष काही केल्या शिवणात लागेना. टीव्हीखाली तो काळा डबा उघडाबोडका बसलेला. तिला ते बघवेना. तिनं टेप काढला, मापं घेतली, आणि दुपारपर्यंत अशी खोळ शिवली की बघत राहावं: आतून जाड अस्तर, कडेला लाल किनार, मागे प्रत्येक वायरपुरतं नेमकं काज केलेलं भोक. इकडे सूत नाही की तिकडे सूत नाही. बटणापुरती एक झडपसुद्धा ठेवली. म्हातारा खोळीत बसला आणि घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं.

संध्याकाळी सराव सुरू झाला. दहाव्या मिनिटाला पडदा काळा.

सून आली. तिनं वायरी काढल्या, खोळ काढली, सवयीनं नीट घडी करून सोफ्यावर ठेवली, झाकण उघडलं, रॅम काढून परत बसवली. म्हातारा झकास चालला. "सैल बसली असेल," सून म्हणाली. ती हात धुवायला गेली आणि ताईनं सवयीनं खोळ परत चढवली. दहाव्या मिनिटाला पडदा काळा.

सुनेनं केबल बदलली. चालला. ताईनं खोळ चढवली. बंद पडला. रविवारी सकाळी सुनेनं वीज पुरवणारी पेटी बदलली. चालला. ताईनं खोळ चढवली, वर प्रेमानं हातही फिरवला. बंद पडला. कोणाच्याही डोक्यात काही येईना, कारण त्या घरात खोळ कोणाला दिसायचीच नाही. भिंतीला रंग असतो तशी वस्तूला खोळ. "पूर्वी लिफ्ट अशीच दोन मजल्यांच्या मध्ये अडायची," यजमान म्हणाले, "आम्ही लाथ घालायचो." सुनेनं त्यांना मॅचची बातमी वाचायला दुसऱ्या खोलीत पाठवलं.

चारला पाच कमी असताना म्हातारा निमूट चालू झाला. ताईनं पदर खोचला. फोन स्पीकरवर, पलीकडे धाकटी. तीन, दोन, एक! ताईची लाल गाडी सुटली ती थेट गवताच्या गंजीत.

"उजवीकडे! उजवीकडे!" बाहेर येऊन यजमान ओरडले.

"उजवीकडेच आहे गंजी!"

सून हसून लोळायला आली. ताई कशीबशी रस्त्यावर आली, पहिली फेरी झाली, दुसरी सुरू झाली आणि पडदा काळा.

"धाकटे, थांब हं, जरा बंद पडलाय..."

"असू दे हं ताई," फोनमधून मऊ आवाज आला. "नको धडपड करूस. पुन्हा कधीतरी खेळू आपण."

पुन्हा कधीतरी! उद्या ऑपरेशन आणि ही बाई आज आपल्याशी पाहुण्यासारखी बोलतेय. काय करावं न सुचून तिनं, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, म्हाताऱ्यावर हात ठेवला. आणि झटकन काढला.

"अगं बाई! याला ताप आलाय!"

सुनेनं हात लावला. मग तिनं, दोन दिवसांत पहिल्यांदाच, खोळ बघितली. अस्तर बघितलं. लाल किनार बघितली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "पंख्याला हवा कुठून येते याला?"

"हवा? मी धूळ जाऊ नये म्हणून फट ठेवलीच नाही."

मग यजमानांना हसण्याची अशी उबळ आली की त्यांना भिंत धरावी लागली. सून म्हणाली, "वायरी काढून खोळ काढायची म्हणजे पंधरा मिनिटं जातील." धाकटी तिकडून म्हणत होती, "ठेवू का मग ताई?"

"ठेवलास फोन तर याद राख!"

तयार मालाला कात्री लावायची नाही, हा ताईचा धंद्यातला पहिला नियम. एवढ्या वर्षांत तिनं तो मोडला नव्हता. तिनं मोठी कात्री उचलली आणि ती खोळ गळ्यापासून तळापर्यंत, किनारीसकट, कर्रकन उभी फाडली. वाईट वाटायलाही वेळ नव्हता. यजमान वर्तमानपत्रानं वारा घालायला लागले, सुनेनं टेबलफॅन आणून समोर ठेवला, फॅनचीही खोळ काढली, आणि पाच मिनिटांत म्हातारा डोळे उघडून बसला.

"धाकटे, आले गं!"

तीन, दोन, एक! या वेळी ताईनं गंजी चुकवली. त्या नादात गाडी गर्रकन फिरली, आणि ती तशीच, पूर्ण वेगानं, उलट्या दिशेनं निघाली. समोरून येणाऱ्या गाड्या तिला चुकवत सैरावैरा पळत होत्या. "बघ, सगळे मला वाट देतायत!" ताई आनंदानं ओरडली. समोरून एक पिवळी गाडी आली. ती धाकटीची होती.

"अगं ए खोळंबे!" फोन फुटायचाच बाकी राहिला. "उलटी कुठे चाललीस, आंधळे! ब्रेक! ब्रेक दाब! जन्मात लायसन्स मिळू देणार नाही मी तुला!"

धडाड! दोन्ही गाड्या हवेत उडाल्या आणि चाकं वर करून पडल्या. पलीकडे धाकटीची हसून हसून मुरकुंडी वळली होती, तिला शिवीसुद्धा पुरी देता येत नव्हती. इकडे ताई डोळे पुसत होती. आंधळी म्हणाली! खोळंबी म्हणाली! दहा दिवसांत एवढं चांगलं काही तिच्या कानावर पडलं नव्हतं.

हसू ओसरलं. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून निघून गेल्या. मग धाकटी म्हणाली, "ताई."

"काय गं?"

"मला भीती वाटतेय. खूप."

"माहितेय मला."

"येशील?"

"सहाची बस आहे," ताई म्हणाली. दाराआड तिची बॅग गुरुवारपासून भरून तयार होती, खोळ घालून.

"ये," धाकटीनं नाक ओढलं. "आणि हे बघ, माझ्या नव्या गुडघ्याला खोळबिळ शिवून आणलीस तर स्टँडवरूनच परत पाठवीन."

गुडघ्याची खोळ गुरुवारीच शिवून झाली होती, लाल किनार लावून. ताईनं बॅग उघडली, ती खोळ बाहेर काढली, आणि बसला वेळ होता म्हणून हवेसाठी तिला चार भोकं पाडायला बसली.