पाचव्या गावाची वाट

"पाय पुढं करा, बाई. लाजून काहून राहिल्या?" जोडे शिवणारे चंपतराव म्हणाले.

प्रेमिलाने साडी जराशी वर घेतली. टाचांवरचे फोड, अंगठ्याजवळची सोललेली कातडी. इतवारी बाजारातल्या त्यांच्या अरुंद दुकानात सगळं उघडं पडलं. दोन वर्षांपासून ती पारशिवनीकडे नर्स होती. पाच गावं पायी फिरायची, मुलांना लस टोचायची, गरोदर बायकांना तपासायची. पण गेल्या तीन महिन्यांत पाचव्या गावाला जाणं झालं नव्हतं. चौथ्यातूनच ती लंगडत परत फिरायची. आता सुटीवर घरी आली, तर आई बायजाबाईंनी शेजाऱ्याकडून बदलीचा अर्जच लिहून घेतला होता.

"प्लास्टिकचे बूट घालता न? उन्हात पाय उकडून निघते त्याच्यात," कागदावर तिचं पाऊल आखत चंपतराव म्हणाले. "मऊ चामड्याचा जोडा करून देतो."

"चामडं नाही चालत, काका. वाटेत दोन नाले हायेत. भिजलं का वाळून लाकडावानी होते."

चंपतरावांची पेन्सिल थांबली. चाळीस वर्षं ते जोडे शिवत होते, पण गिऱ्हाईक कुठून चालत जातं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मंग तुमीच सांगा, वाट कशी हाय?"

ती सांगत गेली. तापलेला मुरूम, गोटे, चिखल, बोरीचे काटे. आखलेल्या पावलावर खुणा करत ते म्हणाले, "वरून जाड कॅनव्हास लावतो, लवकर वाळन. टाचेपाशी आतून बकरीचं मऊ चामडं, तेवढंच. तळाले टायर, पण तासून पातळ करतो. दिसायले मात्र बेढब दिसन."

"दिसू द्या."

शनिवारी जोडा मिळाला. दोन दिवस ती तो घालून घरातच हिंडली. सोमवारी निघताना बायजाबाईंनी अर्ज पुढं केला.

"एक महिना थांब वं माय," म्हणत तिनं तो परत त्यांच्याच हातात दिला.

गुरुवारी भर दुपारी ती पाचव्या गावात पोचली. सात महिन्यांची गरोदर देवकी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"बाई! मले वाटलं, तुमी आता येतच नाही."

"आली न. चल, आत लेट."

"आधी बसा वं जराशा. एवढ्या दुरून आल्या, पाय दुखत असन."

प्रेमिला क्षणभर गोंधळली. सकाळपासून तिला पायांची आठवणच झाली नव्हती. तिनं देवकीला आत निजवून पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी टेकवली, कान लावला आणि हातानंच खूण केली, गप्प राहा.