खुंटीवरची रवी

मी एक रवी. एक दांडा आणि त्याला खाली चार बोटं. चार होती, असं म्हणायला हवं. एफेसस या ग्रीक शहराच्या बंदरात नावांना डांबर लावणाऱ्या पिथर्मसने लग्नाच्या वर्षी ऑलिव्हच्या फांदीतून मला कोरलं आणि बायकोच्या हातात दिलं. ती मिक्का. दांड्यावर त्याच्या डांबरी अंगठ्याचा ठसा अजून आहे.

मिक्का रोज सकाळी दोन पेले भरायची. भाजलेल्या जवाचं पीठ, द्राक्षाची दारू, किसलेलं बकरीचं चीज, वरून पुदिना. मग मला दोन्ही तळव्यांत धरून गरगरा फिरवायची. हे पेय ढवळून लगेच प्यायचं असतं. जरा थांबलात की पीठ तळाशी आणि दारू वर.

पिथर्मसला ऐकीव शहाणपणाची भारी हौस. आमच्या गावच्या हेराक्लिटस नावाच्या तत्त्वज्ञाची वाक्यं तो बंदरावर ऐकायचा आणि घरी आणायचा. सगळं वाहतं म्हणे. चढाची वाट आणि उताराची वाट एकच म्हणे.

"मग उद्या पाणी आणायला तुम्हीच जा," मिक्का म्हणायची. "वाट एकच आहे ना."

एकदा तो धापा टाकत आला. "अगं, तो म्हणतो, ढवळलं नाही तर आपलं हे पेयसुद्धा फुटतं."

"मग बोलत काय बसलात? प्या की. फुटतंय."

दोघं रोज असेच भांडायचे आणि मी मधे फिरत राहायची. मला वाटायचं, हे असंच चालणार.

एका हिवाळ्यात मिक्का तापाने गेली.

तिला पोचवून आल्यावर पिथर्मसने मला धुतलं, पुसलं आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. तिचा पेला जिथे होता तिथेच ठेवला. तिचं स्टूल, तिची शाल, काही हलवू दिलं नाही. बंदरावर मात्र तो पूर्वीसारखाच सगळ्यांना सांगायचा, सगळं वाहतं बाबांनो. घरी आला की दार लावून घ्यायचा आणि माझ्याकडे बघत कोरडी भाकरी चावायचा. कधी तीही तशीच ठेवायचा. मी वाळत चालले होते आणि तोही. फार एकटं वाटायचं मला. समोर माणूस होता, पण हात लावत नव्हता.

वसंतात मुलगी आली, निकेसो. तेऑस गावात दिली होती. बापाच्या बरगड्या बघून तिने सरळ पीठ काढलं आणि माझ्याकडे हात केला.

"तिला हात लावू नकोस."

"बाबा, रवी आहे ती."

"तुझ्या आईची आहे."

"गावभर सांगत फिरता ना, सगळं वाहतं म्हणून? मग घरातच का एवढा बांध घातलाय? चला माझ्याबरोबर तेऑसला. इथे उपाशी मराल."

तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिची नाव सुटणार होती. जाताना तिने काडीने ढवळून एक पेला त्याच्यापुढे ठेवला आणि डोळे पुसत निघून गेली.

तो बराच वेळ पेल्याकडे बघत बसला. मग पेला तोंडाला लावला. वर नुसती आंबट दारू, खाली पिठाचा गोळा. त्याला ठसका लागला. तो भिंतीशी आला आणि त्याने मला खाली काढून त्याच पेल्यात घातलं.

मी इतकी वाळले होते की पहिल्याच फेऱ्याला माझं एक बोट मोडलं आणि पेल्यात पडलं. त्याने ते बाहेर काढलं, तळहातावर धरलं आणि हुंदके देऊन रडला. तिला पोचवतानाही तो असा रडला नव्हता. मला वाटलं, आता पुन्हा खुंटी. पण त्याने नाक पुसलं आणि तीन बोटांनी ढवळायला लागला. एक घोट घेतला.

"तुझ्यासारखं नाही झालं," तो म्हणाला. आणि सगळं प्यायला.

तुमच्याकडेही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू अशी टांगलेली असेल तर काढा. मोडेल कदाचित. मोडू दे.

आता मी रोज ओली होते. तिच्यासारखेच तो दोन पेले भरतो. एक पितो, दुसरा तिच्या स्टुलासमोर ठेवतो आणि बंदरावर काय काय झालं ते सांगत बसतो. बोलता बोलता पीठ खाली बसायला लागतं. तेव्हा तो थांबतो, म्हणतो, "फुटतंय गं," आणि मला तिच्या पेल्यात घालतो.