लाल गुडघा

आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तेव्हा एक भांडण रंगलं होतं. हाडांच्या स्कॅनचं चित्र रंगीत बघावं, की पांढऱ्यावर काळं? डॉ. सलिल नवे, म्हणून रंगीत. डॉ. हेमा जुन्या, म्हणून काळं. शेवटी सलिल चाळीस जुने स्कॅन दोन्ही तऱ्हांनी लावून कशात जास्त कळतं ते तक्ता मांडून मोजायला बसला. मी शहजादी, इथली टेक्निशियन. मशीन मी चालवते, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही.

त्या सकाळी दीनानाथ सरांचा स्कॅन झाला. निवृत्त शिक्षक, प्रोस्टेटचा कॅन्सर. तो हाडांत पसरलाय का, एवढंच बघायचं होतं. चपला शोधत सर नेमके आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर आले, आणि सलिलसाहेब आपली रंगपंचमी तशीच ठेवून चहाला गेलेले.

निळ्या-हिरव्या सांगाड्यात गुडघा लालभडक. ओटीपोटातही लाल.

"संपलं," सर म्हणाले.

"अहो सर, तो नुसता रंग आहे..."

"बाई, चौतीस वर्षं वह्या तपासल्यात मी. लाल म्हणजे काय, ते मला शिकवू नका."

सलिलचा असा संताप आला मला! निकाल सांगणं माझं काम नाही, म्हणून मी हेमा मॅडमना अक्षरशः ओढत आणलं.

मॅडमनी पडदा काळ्या-पांढऱ्यावर नेला. गुडघ्यावर फिकट करडी छटा उरली.

"स्कॅन तोच आहे, सर. रंग कॉम्प्युटरनं भरलेत. गुडघा झिजलाय तुमचा. पर्वती चढता का?"

"रोज. पण खालचं अजून काळंच आहे."

"ते मूत्राशय. स्कॅनआधी जाऊन या म्हटलं होतं."

"गेलो होतो."

"अर्धवट गेलात."

सलिल कप घेऊन दारात ओशाळा उभा होता. "तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव," मॅडम म्हणाल्या. "पेशंट किती घाबरला."

मग त्यांनी मणका, बरगड्या, कंबर, सगळं सावकाश पाहिलं.

"पसरलेला नाही."

"काय म्हणालात?"

"कॅन्सर हाडांत पसरलेला नाही, सर."

"जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

कान ठणठणीत होते त्यांचे. मॅडमनी पुन्हा सांगितलं, मग मी सांगितलं, आणि तरी ते बघतच राहिले, तेव्हा सलिलनंही सांगितलं.