सतरा की सत्तर

मी इंदुमती. बत्तीस वर्षं कारखान्याच्या चाचणी विभागात काढली. माझ्या हातून पास झालेली वस्तू कधी परत आली नाही. ही फुशारकी नव्हे. बरं, थोडी आहेच, असू द्या.

निवृत्त झाल्यावर मी आणि सून श्रुती, आम्ही दोघींनी सोनागिरीच्या घरीच एक यंत्र करायला घेतलं. गव्हाच्या पोत्यात दांडी खुपसायची आणि आत सोंडे लागलेत का ते ऐकायचं. इथे, हिंदी मुलखात, त्यांना घुन म्हणतात. दाण्यातली अळी कुरतडते तेव्हा बारीक टकटक होते. मंडीच्या गोंगाटात ती ऐकू येणार कशी? म्हणून आम्ही माणसाच्या कानापलीकडचा, पंचवीस किलोहर्ट्झजवळचा आवाज पकडायचा ठरवला. तिथे ट्रकची घरघर पोचत नाही. तो तीन टप्प्यांत पाच हजार पट मोठा करायचा, मग त्याचा सूर खाली उतरवून हेडफोनात ऐकवायचा.

श्रुतीने यासाठी कॉलेजातली नोकरी सोडली होती. आता कॉलेजने परत बोलावलं होतं, शनिवारी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि शनिवारीच सकाळी करोंदच्या मंडीत रवींद्रजींच्या गोदामात आमची परीक्षा.

"आज जमलं नाही तर मी परत जाईन, आई," ती रिक्षात म्हणाली.

"न जमायला काय झालंय? मी तपासलंय ना!"

रवींद्रजी पक्के व्यापारी. त्यांनी मुद्दाम किडकं पोतं काढून ठेवलं होतं. श्रुतीने दांडी खुपसली. हेडफोनात शांतता, मोजणीच्या काट्यावर शून्य. रवींद्रजींनी चार दाणे फोडून तळहातावर ठेवले. दोन दाण्यांत पांढरी अळी वळवळत होती.

"मॅडम, मशीन सो रही है क्या?"

हमाल खो-खो हसले. श्रुतीचा चेहरा एवढासा झाला. ती वायरी गुंडाळायला लागली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! "गुंडाळू नकोस," मी म्हटलं, "पेचकस दे."

झाकण उघडलं, चष्मा लावला. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याचं मूल्य कळतं, आणि टप्पा आवाज किती पट वाढवणार ते त्यावर ठरतं. मला तपकिरी-निळा-नारिंगी पट्टे दिसायला हवे होते. दिसले निळा-करडा-नारिंगी. एका टप्प्यात तेच, दुसऱ्यातही तेच, आणि तिसऱ्यात नुसती तार.

"अगं, हे काय? मी प्रत्येक टप्पा सतरा पट म्हटलं होतं!"

"आई, तुम्ही सत्तर म्हणालात. सत्तर-सत्तर. दोनच टप्प्यांत चार हजार नऊशे झाले, म्हणून तिसरा मी सरळ जोडला."

"सतरा!"

"सतरा म्हणजे?"

घ्या! आम्ही नागपूरचे, श्रुती ग्वाल्हेरची. घरात मराठी बोलते, पण आकडे सगळे हिंदीत. तिच्या लेखी एकावर सात म्हणजे सत्रह. ती सुटे भाग आणायला गेली असताना मी आकडा फोनवर सांगितला होता; सतरा ऐकलं की तिच्या कानात सत्तरच जाणार. आणि नशीब बघा, सतरा तीनदा गुणले तरी चार हजार नऊशे, सत्तर दोनदा गुणले तरी तेवढेच!

"दोन्ही एकच, तो फर्क क्या पड़ा?" रवींद्रजींनी विचारलं.

"खूप पडतो. या ऑप-अँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपची, ताकद ठरलेली असते, एका पोळीच्या कणकेसारखी. पोळी मोठी लाटली की पातळ होते. एकाच टप्प्यात सत्तर पट मागितलं की हा चौदा किलोहर्ट्झला दमतो, दोघे मिळून तर नवालाच. सतराच मागितलं तर एकेक जण अठ्ठावन्नपर्यंत जातो, तिघे मिळून तीस सहज. तुमचा किडा बोलतो पंचवीसला. तिथे पाच हजारांच्या जागी जेमतेम बाराशे पट वाढ मिळत होती, तेवढ्याने काटा हलत नाही. अर्धा तास द्या, आणि एक एक्स्टेंशन बोर्ड."

वजनकाट्याच्या टेबलावर सोल्डरिंग लावलं, पिशवीतली सुट्या भागांची डबी उघडली. सांधे मी उकलले, रेझिस्टर श्रुतीने बसवले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पुन्हा दांडी खुपसली आणि हेडफोन थेट रवींद्रजींच्या कानाला लावले. त्यांचे डोळे मोठे झाले.

"अरे बाप रे! ये तो दावत चल रही है!"

मी हसले, हमालही हसले. श्रुती हसली नाही. ती खांबाला टेकून मोबाइलवर कॉलेजला लिहीत होती. मी वाचलं. सोमवारपासून येते, असं.

"अगं, चाललं ना आता?"

"तुम्ही होतात म्हणून चाललं. मी एकटी असते तर यंत्र गुंडाळून घरी गेले असते. एवढा साधा आकडा मला ऐकू आला नाही, आई."

यंत्र सुधारलं, पण सून हातची चालली होती. मघापासून मीच तर ओरडत होते, सतरा, सतरा, जशी काही सगळी चूक तिचीच.

"श्रुती, इकडे बघ. आमच्या विभागात आकडा तोंडी द्यायचा नाही, लिहून द्यायचा आणि समोरच्याकडून वाचून घ्यायचा, हा नियम. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे मी. आणि तुला मी कुकर उतरवता उतरवता फोनवर सांगितलं. काल तू बोर्ड दाखवलास तेव्हा नुसत्या एक किलोहर्ट्झवर चार हजार नऊशे बघून मीच मान डोलावली. पंचवीसवर तपासायचं काम माझं होतं. तू माझं म्हणणं बरोबर धरून चाललीस. चुकले मी."

हमाल बघत होते, रवींद्रजी बघत होते. आठ वर्षांत सुनेपुढे मी हा शब्द उच्चारला नव्हता. सासू म्हणून नाही आणि इंजिनियर म्हणून तर नाहीच नाही.

श्रुतीने लिहिलेलं पुसलं आणि सरळ फोनच लावला.

"नमस्ते सर. नहीं सर, मैं नहीं आ रही. मेरा काम यहाँ चल रहा है."

मला रडूच फुटलं. गोदामात, सगळ्यांसमोर. श्रुतीने माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि पोत्यांच्या थप्पीकडे बोट दाखवत रवींद्रजींना म्हणाली, "दूसरा बोरा लाइए."